ईसीसी८३, लाल एलईडी आणि जव्हारी : प्रीअँपच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, सांगली

दिवाळीची आवराआवर संपल्यावर आज ट्रंक उघडली. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर ही ट्रंक चार दिवस पाण्याखाली होती. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जुना अँप्लिफायर, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सरचे डबे, सगळं चिखलात गेलं. पाच वर्षं ट्रंकेकडे बघवत नव्हतं.

व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओ-अँप्लिफायरमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, मात्र जगले आहेत. काचेच्या आत निर्वात, पाणी शिरणार कुठून? पिनांवर हिरवट थर होता, तो बारीक पॉलिश पेपर आणि स्पिरिटने काढला. एकूण अकरा व्हॉल्व्ह, सगळे बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स), रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून कधीकाळी घेतलेले. अडचण एवढीच की काचेवरचा छाप पुसून गेलाय. कोणता ईसीसी८३ आणि कोणता ईसीसी८२ हे नुसतं बघून सांगता येईना. दोन्ही नऊ पिनी, दोन्हींचा हीटर (आतली तापणारी तार) ४, ५ आणि ९ या पिनांवर.

१३ नोव्हेंबर

ओळख पटवायची युक्ती सापडली. एका पाटीवर सॉकेट बसवला, प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) १०० किलोओहम, कॅथोडला (ते सोडणारा भाग) दीड किलोओहम, वर २५० व्होल्ट. ईसीसी८३ असेल तर कॅथोडवर साधारण १.३ व्होल्ट दिसतात. ईसीसी८२ जास्त करंट ओढतो, तिथे अडीचच्या वर जातात. माझ्याकडे या दोनच जाती होत्या, त्यामुळे निवाडा सोपा झाला. सहा ईसीसी८३, चार ईसीसी८२, एकाचा हीटर तुटलेला.

नवशिक्यांसाठी लिहून ठेवतो : २५० व्होल्टचा डीसी बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतो. मी सप्लायवर २२० किलोओहम आणि ६८ किलोओहम सीरिजमध्ये कायमचे लावलेत, त्यातून तो उतरतो. तरीही मीटर लावून खात्री केल्याशिवाय हात घालत नाही, आणि डावा हात खिशात.

१७ नोव्हेंबर

काय बनवायचं ते ठरलं. रेकॉर्ड प्लेअरसाठी प्रीअँप. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. ते वाढवायचे आणि सोबत आरआयएए या ठरलेल्या वक्राप्रमाणे दुरुस्ती करायची. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर उचललेला असतो, वाजवताना ते उलटं करावं लागतं. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद हे तीन काळ सांभाळले की वक्र जुळतो. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सुमारे १७ डेसिबल वर आणि १०० हर्ट्झ सुमारे १३ डेसिबल वर जातात. म्हणजे संगीतासोबत घुमघुमही तितकीच वर येते. हे १३ डेसिबल मला पुढे छळणार आहेत, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. (ही ओळ नंतर घातली.)

मांडणी साधी : ईसीसी८३ चे दोन टप्पे, त्यांच्यामध्ये रेझिस्टन्स-कंडेन्सरचं आरआयएए जाळं, शेवटी ईसीसी८२ चा कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे ढकलणारा टप्पा). हीटरला ७८१२ या रेग्युलेटरवरून डीसी.

प्रश्न होता कॅथोडचा. व्हॉल्व्ह नीट चालायला ग्रिड (सिग्नल घेणारी मधली जाळी) कॅथोडपेक्षा थोडी उणे लागते. रूढ पद्धतीत कॅथोड आणि अर्थमध्ये रेझिस्टन्स टाकतात. करंट त्यातून वाहतो, कॅथोड दीडेक व्होल्ट वर उचलला जातो, ग्रिड अर्थवर असल्यामुळे आपोआप उणे ठरते. पण तोच रेझिस्टन्स सिग्नलच्या वेळी व्हॉल्व्हच्या विरोधात काम करतो आणि गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) पडतो. म्हणून त्याच्यावर १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आडवा लावायचा, म्हणजे सिग्नलला वेगळी वाट मिळते.

दुसरी पद्धत, रेझिस्टन्स आणि कंडेन्सर दोन्ही काढून तिथे एक एलईडी. त्याच्यावर ठरावीक व्होल्ट पडतात, करंट थोडा हलला तरी फारसे बदलत नाहीत. कंडेन्सर नकोच. महापुरात फुगून फुटलेले इलेक्ट्रोलिटिक मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि पूर नसला तरी दहा-पंधरा वर्षांत ते सुकतातच. त्यामुळे हा विचार मला मनापासून आवडला. पण एलईडीने आवाज 'कडक' होतो, 'कोरडा' होतो, असं ज्यांच्याकडून मी व्हॉल्व्हचं काम शिकलो ते ठामपणे सांगायचे. या नोंदी त्यासाठीच : खरंच होतो का?

२४ नोव्हेंबर

एलईडी मोजले. प्रत्येकातून ०.७ मिलिअँपिअर सोडून त्याच्यावरचे व्होल्ट घेतले. रिमोटमधला इन्फ्रारेड १.०८, साधा लाल १.६२, जुना हिरवा १.८५, निळा २.६. रंग आणि व्होल्ट यांचं नातं उगीच नाही. प्रकाशाचा कण जितका निळ्याकडे तितकी त्याची ऊर्जा जास्त, आणि तेवढी ऊर्जा इलेक्ट्रॉनला द्यायची तर व्होल्टही जास्त लागतात. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. चांगला उजेड देणाऱ्या निळ्याला पुढची तीस वर्षं लागली, आणि तो करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. माझ्या टेबलावर मात्र दोघांची किंमत दोन-दोन रुपये.

ईसीसी८३ ला माझ्या मांडणीत लाल चपखल बसतो.

एक चूक झाली, ती सगळ्यांकडून होत असणार. एलईडीचा लांब पाय म्हणजे अॅनोड. तो व्हॉल्व्हच्या कॅथोडला जोडायचा आणि एलईडीचा कॅथोड अर्थला. 'कॅथोडला कॅथोड' असं डोक्यात बसलं आणि मी उलटा लावला. प्लेटवर सरळ २५० व्होल्ट, आवाज शून्य. करंटच वाहत नव्हता. पाच मिनिटं व्हॉल्व्हलाच दोष देत बसलो होतो.

१ डिसेंबर

पुतणीच्या आग्रहाखातर निळा लावून पाहिला. ती अकरावीत आहे आणि काचेखाली निळा उजेड हवा यावर ठाम होती. प्लेट २२६ व्होल्टांवर गेली. म्हणजे १०० किलोओहममधून जेमतेम पाव मिलिअँपिअर. व्हॉल्व्ह जवळजवळ मिटलेला. आवाज आला पण दबका, आणि मोठ्या तानेला खरखर. ही निळ्या रंगाची चूक नाही, व्हॉल्व्ह चुकीच्या जागी उभा केल्याची आहे. तरी कोणी फक्त रंग बदलून ऐकलं असतं तर म्हणालं असतं, 'निळ्या एलईडीचा आवाज वाईट.' हे इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

पुतणीला वेगळा निळा दिवा पॅनलवर लावून द्यायचं कबूल केलं.

८ डिसेंबर

दोन्ही चॅनलच्या दोन्ही टप्प्यांना लाल एलईडी. झाकण अजून नाही, सगळं टेबलावर उघडं. रेकॉर्ड लावली, किराणा घराण्याचं गाणं. स्वर सुरेख आला. पण गाणं थांबलं की खाली एक घूं. सतत, एकसुरी.

एलईडी कोरडे असतात असं सांगणारे कदाचित हेच ऐकत असावेत का, असं वाटून गेलं. रेझिस्टन्स आणि कंडेन्सर परत लावून बघितले तर घूं गायब. म्हणजे दोष एलईडीचाच. मन खट्टू झालं.

आठवडाभर कामावरून आल्यावर हेच. अर्थचे सगळे धागे एका ठिकाणी आणले. ट्रान्सफॉर्मर हातभर लांब नेला. हीटरचा डीसी तपासला. फरक शून्य.

१५ डिसेंबर

मिरजेहून चाचा आले. चाचांचं घर पिढ्यान् पिढ्या तंतुवाद्यांचं. मिरजेत शस्त्रांना पाणी देणारी शिकलगार घराणी सतार-तंबोऱ्याकडे वळली, त्या परंपरेतले ते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी पेढे आणले होते. व्हॉल्व्ह, एलईडी यातलं त्यांना काही ठाऊक नाही आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. कान मात्र असा की तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा केसभर सरकवून ते जव्हारी उघडतात. तारेच्या एका झंकारातून सगळे स्वर मोकळे होतात तेव्हाच हात थांबतो.

घूं ऐकवली. ते डोळे मिटून बसले.

"मास्तर, ही पांढरी पाचच्या जरा वर आहे."

"खर्जातली?"

"नाही. खर्जाच्या वरची. खर्जातली असती तर छातीत वाजली असती."

पांढरी पाच म्हणजे हार्मोनियमचा पाचवा पांढरा स्वर. त्या सप्तकात तो ९८ हर्ट्झ आणि त्याखालच्या सप्तकात ४९. म्हणजे चाचा सांगत होते की ही शंभराची घूं आहे, पन्नासाची नाही. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची घूं पन्नासाची असते. मी आठवडाभर चुकीच्या चोराच्या मागे होतो. नंतर साउंड कार्डवर बघितलं, सगळ्यात उंच रेघ बरोबर १०० वर.

शंभर म्हटल्यावर पहिला संशय रेक्टिफायरनंतरच्या रिपलवर (डीसीत उरलेला चढउतार). एक फिल्टर आणखी वाढवला. काही फरक नाही.

मग एक गोष्ट घडली. चाचा म्हणाले, "तो लाल दिवा कुठला?" आणि त्यांनी पाटीवर वाकून बोट दाखवलं. घूं एकदम खाली गेली. हात मागे घेतला, परत वर. मला वाटलं हाताचं अर्थिंग होतंय. त्यांना थांबवून मी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा पाटीवर धरला. तरीही घूं गेली. पुठ्ठा काही वीज वाहत नाही.

सावली. फक्त सावली.

टेबललॅम्प बंद केला. पूर्ण शांतता. सेलवरची बॅटरी मारली, शांतता तशीच, कारण तिचा उजेड थरथरत नाही. टेबललॅम्प परत लावला, पांढरी पाचच्या जरा वर.

रात्री

चाचा गेल्यावर नीट तपासलं. एक लाल एलईडी सुटा घेतला, त्याचे पाय मीटरला लावले आणि टेबललॅम्पखाली धरला. मीटरवर सव्वा व्होल्ट. बॅटरी नाही, सप्लाय नाही. एलईडी उजेड देतो तसाच उजेडावर थोडी वीजही तयार करतो. तोच जोड, उलट दिशेने चाललेला. स्वतःच्या रंगापेक्षा निळसर बाजूचा प्रकाश त्याला जास्त पचतो. माझ्या टेबललॅम्पमधला स्वस्त एलईडी बल्ब मेन्सच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही. माझा लाल एलईडी मात्र ते इमानेइतबारे व्हॉल्व्हच्या कॅथोडवर पोचवत होता.

कागदावर हिशेब केला. मीटरचा अंतर्गत रेझिस्टन्स १० मेगओहम, त्यावर सव्वा व्होल्ट, म्हणजे निदान शंभरेक नॅनोअँपिअर प्रकाशाचा करंट. ०.७ मिलिअँपिअरला लाल एलईडीचा स्वतःचा आंतरिक विरोध साधारण ७५ ओहम. करंटचा निम्मा-पाव भाग थरथरणारा धरला तरी कॅथोडवर दोन-चार मायक्रोव्होल्ट. ५ मिलिव्होल्टच्या सिग्नलपुढे हे साठेक डेसिबल खाली. ऐकू यायला नको. पण आरआयएए त्याला १३ डेसिबल उचलून देतो. तिथेच घोटाळा.

उपाय दोन रुपयांचा. काळी हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी एलईडीवर चढवली, टोक दाबून बंद केलं. टेबललॅम्पखाली पाटी उघडी असूनही शांतता.

२२ डिसेंबर

घूं गेली. आता मूळ प्रश्न. आवाज वेगळा आहे का?

गेल्या रविवारी घूं सापडण्याआधी चाचांना मी दोन्ही ऐकवले होते. डाव्या चॅनलला एलईडी, उजव्याला दीड किलोओहम आणि कंडेन्सर. मोनो रेकॉर्ड, एकच स्पीकर, अँप्लिफायरवर बाजू बदलायची. टेबललॅम्प त्या वेळी बंद होता, म्हणजे घूंचा संबंध नाही. पुतणीने नाणं उडवून बाजू ठरवायची, चाचांनी सांगायचं. सोळा वेळा. चौदा वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. नुसत्या अंदाजाने सोळात बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारही नाही. म्हणजे फरक होता, आणि त्यांना रेझिस्टन्स आवडला होता. "या बाजूला जव्हारी खुली आहे, त्या बाजूला बंद."

मला हे ऐकून वाईट वाटलं होतं, कारण मला एलईडी जिंकायला हवा होता. पण हे वाक्य मी टाळू शकत नव्हतो. जव्हारी खुली-बंद हे त्या माणसाच्या तोंडून आलं होतं.

म्हणून आज मोजायला बसलो. पहिली गोष्ट, प्लेट. दीड किलोओहमच्या बाजूला १६४ व्होल्ट, म्हणजे ०.८६ मिलिअँपिअर. एलईडीच्या बाजूला १८३, म्हणजे ०.६७. दोन व्हॉल्व्ह वेगवेगळ्या ठिकाणी उभे! मी एलईडी आणि रेझिस्टन्सची तुलना करतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात दोन वेगळ्या करंटांची करत होतो.

दुसरी गोष्ट, गेन. करंट सारखा करायला १.६२ भागिले ०.६७, म्हणजे २.४२ किलोओहम हवा. २.२ किलो आणि २२० ओहम सीरिजमध्ये घातले, त्यांच्यावर आडवा १०० मायक्रोफॅरड. आता प्लेटही १८३. तरीही गेन या बाजूला ५८ पट आणि एलईडीच्या बाजूला ५५.५ पट. कारण तेच ७५ ओहम. कंडेन्सरवाल्या कॅथोडला मधल्या स्वरांत जवळजवळ शून्य विरोध, एलईडीला पाऊणशे. व्हॉल्व्हचा गुणक शंभर, त्यामुळे एवढेसे ७५ ओहम प्लेटकडून साडेसात हजारांसारखे दिसतात. एका टप्प्याला ०.४ डेसिबल, दोन टप्प्यांना ०.८.

०.८ डेसिबल म्हणजे 'मोठा आवाज' म्हणून कोणालाच जाणवत नाही. पण तेवढ्याने गाणं जवळ आल्यासारखं, उघडल्यासारखं वाटतं. कान मोठेपणाला मोकळेपणा समजतो. चाचांचा कान चुकला नव्हता. त्यांनी जे होतं तेच सांगितलं. मीच त्यांना दोन असमान वजनाच्या गोष्टी हातात दिल्या होत्या.

२५ डिसेंबर

सुट्टी. समान वजनाचं काम पूर्ण केलं. रेझिस्टन्सच्या बाजूला ८२ ओहम कंडेन्सरच्या बाहेर ठेवला आणि २.३५ किलो (२.२ किलो अधिक १५०) कंडेन्सरच्या आत. बेरीज तीच, २.४३ किलोओहम, पण आता या कॅथोडलाही एलईडीएवढाच विरोध. दोन्ही टप्प्यांना. दोन बाजूंच्या गेनमध्ये आता मीटरवर वाचता येईल असा फरक उरलेला नाही.

हे करताना एक शंका मनात होती. एलईडीचे ७५ ओहम स्थिर नसतात, करंट वाढला की कमी होतात. त्यातून विकृती येईल का? पण इथे करंट हलतो किती? दुसऱ्या टप्प्याच्या प्लेटवर दीड व्होल्टचा सिग्नल म्हणजे १०० किलोओहममधून १५ मायक्रोअँपिअर, ६७० पैकी. दोन टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा हालचालीत ७५ चे ७५च राहतात. गिटार अँपसारखं व्हॉल्व्हला ओव्हरड्राइव्ह करायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कंडेन्सर भरतो, क्षणभर बायस (ग्रिडचे उणे व्होल्ट) सरकतो आणि परत यायला वेळ घेतो. एलईडी सरकत नाही. तिथे दोघांचा आवाज खरोखर वेगळा असणार. रेकॉर्डच्या प्रीअँपला तो प्रसंग येतच नाही.

२९ डिसेंबर

चाचा पुन्हा आले. पुतणी नाणं घेऊन तयार. या वेळी मी खोलीच्या बाहेर बसलो, माझ्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून. आठ वेळा एका मांडणीत, मग डावे-उजवे व्हॉल्व्ह अदलून आणखी आठ. सोळापैकी नऊ.

चाचा थोडे वैतागले. "मास्तर, मगाशी ओळखत होतो, आता दोन्ही एकच लावलंय का?" नाही म्हणून सांगितलं. त्यांना पटेना. मग मुद्दाम एका एलईडीची काळी नळी काढून टेबललॅम्प लावला. पहिल्याच क्षणी म्हणाले, "हां, ही ती."

माझ्या पुरतं उत्तर मिळालं. ज्याला आम्ही 'एलईडीचा आवाज' म्हणत होतो त्यात तीन गोष्टी होत्या : व्हॉल्व्हचा बदललेला करंट, पाऊण डेसिबल गेन आणि टेबललॅम्पचा उजेड. तिन्ही काढल्यावर चाचांच्या कानालाही काही उरलं नाही. एवढं मी माझ्या या पाटीपुरतं, या ईसीसी८३ पुरतं ठामपणे म्हणतो.

मग कोणता ठेवायचा? एलईडी. आवाजासाठी नाही. चार इलेक्ट्रोलिटिक कमी होतात म्हणून. माझ्या घरात सुकणारी, फुगणारी वस्तू जितकी कमी तितकी बरी.

५ जानेवारी २०२५

कॅथोड फॉलोअर. इथे एलईडीला वेगळं काम आहे आणि खरं तर हे काम तो सगळ्यात छान करतो. ईसीसी८२ च्या कॅथोडखाली रेझिस्टन्सऐवजी एमजेई ३४० ट्रान्झिस्टर लावला, तो सतत सारखाच करंट ओढतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला लाल एलईडी धरून ठेवतो. एलईडीचे १.६८ वजा बेस-एमिटरचे ०.६५, उरलेल्या १.०३ व्होल्टला ३३० ओहम, म्हणजे ३.१ मिलिअँपिअर.

इथे झेनर (ठरावीक व्होल्ट धरून ठेवणारा डायोड) का नाही? दोन कारणं. मोठ्या व्होल्टचा झेनर सुसाट आवाज करतो, एलईडी त्यामानाने गप्प. आणि तापमान. लाल एलईडीचे व्होल्ट एका अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतात, ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटरही तेवढेच. दोघे एकत्र उतरतात आणि वजाबाकी जागच्या जागी राहते. एलईडी ट्रान्झिस्टरला चिकटवून ठेवला तर आणखी चांगलं. मीटर लावून तासभर बसलो, प्रीअँप गार असताना आणि तापल्यावर, ३.१ चे ३.१.

यालाही काळी नळी घातली. गरज असेल-नसेल, आता भरवसा नाही.

ईसीसी८२ चा कॅथोड १८५ व्होल्टांवर आहे आणि हीटर-कॅथोडमध्ये १८० ची मर्यादा. म्हणून हीटरचा सगळा डीसी अर्थपासून सोडवून त्या २२० आणि ६८ किलोओहमच्या मधल्या सांध्यावरून ६० व्होल्ट वर उचलला.

११ जानेवारी

पत्र्याची पेटी मार्केट यार्डाजवळच्या पत्रेवाल्याकडून वाकवून आणली. सध्या हळदीची आवक सुरू, यार्डात पिवळी धूळ उडत होती, पेटीवरही बसली. धुऊन, वाळवून मग रंग. झाकण लावल्यावर आत अंधार. हीटरची तांबूस धग झरोक्यातून दिसते तेवढीच. पुतणीचा निळा दिवा पॅनलवर, स्वतंत्र रेझिस्टन्सवर, सिग्नलच्या वाटेपासून लांब.

उजव्या चॅनलचा पहिला व्हॉल्व्ह टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो. तो काढून शेवटच्या शिल्लक ईसीसी८३ पैकी एक बसवला. शांत आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

चाचा तीळगूळ घ्यायला आले. पेटी लावली. तीच किराण्याची रेकॉर्ड, जी या दोन महिन्यांत आम्ही इतक्या वेळा वाजवली की सुरुवातीचा तंबोराच माझ्या कानात बसलाय. गायक सुरू होण्याआधी आठ-दहा आवर्तनं नुसता तंबोरा.

चाचांनी हात वर केला. सुई उचलायला सांगितली, परत पहिल्यापासून. परत उचलली.

"पंचम उतरलाय."

मी म्हणालो, प्लेअरचा वेग कमी असेल, बेल्ट जुना आहे.

"वेग कमी असता तर षड्जही उतरला असता. जोडीच्या तारा नीट आहेत. फक्त पंचम. केसभर." मग थोडं थांबून, "मास्तर, ही रेकॉर्ड माझ्याकडे घरी तीस वर्षं आहे. मला कधी ऐकू आलं नव्हतं."

आम्ही ती बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या चिजेच्या आधी कोणीतरी पंचम लावून घेतलाय, तिथे खुंटी फिरल्याचा बारीकसा आवाजही आहे.